फिल्डवर्कला जाऊन मी नुसती बसून येते. एमएसडब्ल्यू सोडून देऊ का?

कोरी_वही

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे. बीकॉम करून इकडे आले, त्यामुळे वर्गातल्या बीएसडब्ल्यूवाल्यांना जे शब्द तोंडपाठ आहेत ते मला अजून अडखळत वाचावे लागतात. पण अडचण अभ्यासाची नाही, तो मी करेन. अडचण फिल्डवर्कची आहे.

मला एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात प्लेसमेंट मिळाली आहे. आठवड्यातून दोन दिवस. नऊ आठवडे झाले. डायलिसिसच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे, तिथे बसून नातेवाइकांशी बोलायचं, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. एक बाई तिथे नेहमी असतात. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, एका वेळेला चार तास. मांडीवर फाइल आणि फाइलवर दोन्ही हात, अशा बसलेल्या असतात. तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्याशी बोलायला लागल्या. पैसे संपत आलेत, नवऱ्याचं काम सुटलंय, जवळची माणसं आता फोन उचलत नाहीत. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. मला काही सुचेना. मी म्हणाले, "काळजी करू नका, काहीतरी मार्ग निघेल."

पुढच्या आठवड्यात मी दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या. "ताई, निघाला का मार्ग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विभागात जाऊन विचारलं, तर तिथल्या मॅडम घाईत होत्या. त्यांनी एक फॉर्म हातात दिला आणि भराभर सांगितलं, त्यातलं अर्धंच मला कळलं. बाहेर येऊन मी "बघतेय" एवढंच म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यापासून त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसतात. मी समोरून गेले तरी मान वर करत नाहीत.

त्या दोन्ही भेटींच्या रेकॉर्डिंगमध्ये (भेटीनंतर लिहून सरांना द्यायच्या नोंदीत) मी लिहिलं होतं, "रुग्णाच्या पत्नीला समजावले व धीर दिला." सरांनी खाली पेन्सिलीने लिहिलं, "यात तू कुठे आहेस?" मला ते कळलं नाही. आयसीमध्ये (सरांशी एकेकट्याने होणाऱ्या चर्चेत) विचारायची हिंमत झाली नाही, मी फक्त मान डोलावली.

घरी मामा म्हणतात, समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते, मन पाहिजे. मन होतं म्हणूनच तर आले. आता वाटतं की मन असून माझ्या हातून एका बाईचं नुकसानच झालं. सेमिस्टर संपायच्या आत नाव काढून घ्यावं का? ज्यांनी हे शिक्षण घेतलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

(संपादित: जुनी_शाई ताईंच्या सूचनेवरून काही तपशील काढले आहेत.)

दुसरं_वर्ष

मी तुझ्या एक वर्ष पुढे आहे, त्यामुळे फार मोठं काही सांगू शकणार नाही. पण तुझ्या मामांचा प्रश्न माझ्या घरीही झाला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून लिहितो.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी बाल्टिमोरला समाजकार्यकर्त्यांच्या परिषदेत भर सभेत विचारलं होतं, समाजकार्य हा व्यवसाय आहे का? हे तेच गृहस्थ, ज्यांच्या १९१० च्या अहवालाने अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची घडी बदलली. त्यांचं उत्तर होतं, नाही. समाजकार्यकर्ता माणसाला डॉक्टरकडे, वकिलाकडे, शाळेकडे पोहोचवतो. मधला दुवा आहे. पण दुसऱ्याला शिकवता येईल असं त्याचं स्वतःचं तंत्र नाही. समोर बसलेल्यांना ते लागलं असणारच. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, मेरी रिचमंड यांचं 'सोशल डायग्नोसिस' आलं. जाडजूड पुस्तक. एखाद्या कुटुंबाची परिस्थिती समजून घ्यायची तर कुणाला काय विचारायचं, डोळ्यांनी दिसलेलं कोणतं, कुणीतरी सांगितलेलं कोणतं आणि आपण मनाने लावलेला अंदाज कोणता, हे वेगळं कसं ठेवायचं, याचा त्यात कीस काढलाय. मामांना हे सांग. मन सगळ्यांनाच असतं. ऐकलेलं आणि आपण गृहीत धरलेलं यांत फरक करायला शिकावं लागतं, आणि ते शिकवता येतं. म्हणून आपण समाजसेवा आणि समाजकार्य हे दोन शब्द वेगळे वापरतो.

अभ्यासाचं एक सांगतो. हेलन पर्लमन यांचे चार पी (१९५७) तुम्हाला याच सेमिस्टरला असतील: माणूस (पर्सन), अडचण (प्रॉब्लेम), जागा (प्लेस), प्रक्रिया (प्रोसेस). मी ते परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. दुसऱ्या वर्षी एका केसमध्ये अडकलो तेव्हा परत उघडलं. त्यात एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही: सगळी अडचण एकदम हातात घ्यायची नाही, तिचा एक तुकडा निवडायचा, आणि तो सेवार्थीने, म्हणजे ज्याला मदत हवी आहे त्याने, निवडायचा. तुझ्या बाबतीत 'अडचण' या रकान्यात तू 'पैसे' लिहून मोकळी झालीस असं वाटतं. त्यांनी कोणता तुकडा आधी निवडला असता, ते तू विचारलंस का?

जुनी_शाई

कोरी वही, तुला अगंतुगं करतेय, चालेल ना? माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. पंचवीसेक वर्षं फिल्डवर्क सुपरव्हिजन केलं, आता निवृत्त आहे.

सगळ्यात आधी एक काम कर. पोस्टमध्ये नवरा काय काम करायचा, ते कुठून येतात आणि त्यांचे वार कोणते, हे लिहिलं आहेस. ते आत्ता काढ, मग पुढचं वाच. नाव गाळलं की गोपनीयता झाली असं आपल्याला वाटतं. पण त्याच बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांना ओळख पटेल का, ही खरी कसोटी. मी रागावले नाही. हे मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं.

आता तुझ्या सरांच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते तुझी सगळी गाठ तिथे आहे. "समजावले व धीर दिला." हे वाक्य मी हजारो वेळा वाचलं आहे आणि एकेकाळी स्वतः लिहिलंही आहे. दुसऱ्या वर्षाला मला वृद्धांच्या एका निवासी संस्थेत प्लेसमेंट होती. (गोष्ट फार जुनी आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) तिथले एक आजोबा कुणाशी बोलत नसत, मुलगा भेटायला आला तरी तोंड फिरवत. संस्थेने मला सांगितलं, बापलेकांचं जुळवून दे. मी आठवड्यामागून आठवडे जाऊन त्यांना मुलाबद्दल बोलतं करायचा प्रयत्न केला. चार पानी रेकॉर्डिंग लिहून नेलं. आमच्या मॅडमनी ते समोर ठेवून वाचलं आणि लाल पेनाने एका शब्दाभोवती गोल करत गेल्या. अकरा गोल झाले. शब्द होता 'समजावले'. म्हणाल्या, "अकरा वेळा समजावलंस. म्हणजे तोंडाने नेमकं काय म्हणालीस? वाक्यं लिही. त्यांचीही लिही."

त्या रात्री मी आठवून आठवून लिहायला बसले. 'तो म्हणाला, मी म्हणाले' असं सरळ, नाटकाच्या संवादासारखं. लिहून झाल्यावर मोजलं. माझी एकतीस वाक्यं होती, आजोबांची सहा. त्या सहांतली दोन एकच होती: "दार पूर्ण लावू नका." माझ्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी मी काय लिहिलं होतं माहीत आहे? "सेवार्थीने विषय बदलला. प्रतिकार दिसून येतो." पुस्तकातला शब्द वापरायला मिळाला म्हणून मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

पुढच्या भेटीला गेले तेव्हा दार अर्धं उघडं ठेवलं आणि खुर्चीवर बसून राहिले. गप्प बसणं किती कठीण असतं हे त्या दिवशी कळलं. मी बोटं एकमेकांत घट्ट धरून बसले होते. बऱ्याच वेळाने आजोबा म्हणाले, "त्या रात्री लावलेलं होतं." मी विचारलं, "कोणत्या रात्री?" मग आलं सगळं. काही महिन्यांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना पडले होते. रात्री सगळी दारं ओढून घ्यायची असा तिथला शिरस्ता. हाका मारल्या, पण कुणाला ऐकू गेल्या नाहीत, पहाटेपर्यंत फरशीवर पडून होते. हाड मोडलं नव्हतं, म्हणून नोंदीत एक ओळ होती आणि विषय संपला होता. मुलाने विचारलं नाही, संस्थेने विचारलं नाही, आणि मी इतके आठवडे जाऊन बापलेकाचं नातं दुरुस्त करत होते.

मी लगेच उठले, ऑफिसात जाऊन सांगते म्हणाले. त्यांनी हात वर केला. "मी सांगेन." त्यांनी अर्ज स्वतः लिहिला. हात कापायचा, एका पानाला जवळजवळ तास लागला. मी शेजारी बसून फक्त कागद धरून ठेवला, सरकू नये म्हणून. स्वयंनिर्णय हा शब्द मी बीस्टेक यांनी समाजकार्यासाठी मांडलेल्या सात तत्त्वांमध्ये पाठ केला होता, पण तो मला कळला तो असा, दोन बोटांनी कागद दाबून धरताना. पंधरा दिवसांत त्यांच्या दाराला खाली लाकडी पाचर आली. मग शेजारच्या खोलीतल्यांनी मागितली. पुढे त्या मजल्यावरच्या सगळ्याच दारांना लागल्या.

मुलाशी ते नंतर बोलायला लागले का, हे मला माहीत नाही. माझी प्लेसमेंट संपली.

तर "यात तू कुठे आहेस?" याचा अर्थ माझ्या मते असा. सर तुला विचारताहेत की त्या बाकावर तू काय म्हणालीस, म्हणण्याआधी तुझ्या पोटात काय झालं, आणि त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं. 'समजावले' या शब्दाखाली हे तिन्ही झाकलं जातं. तुझ्या इथल्या पोस्टमध्ये ते तिन्ही आहे, बघ. फाइलवरचे दोन हात, भरून आलेला आवाज, "मला काही सुचेना". हे रेकॉर्डिंगमध्ये असायला हवं होतं. तू इथे अनोळखी माणसांना जे सांगितलंस ते सरांना सांगितलं नाहीस.

"काहीतरी मार्ग निघेल" हे वाक्य तू कुणासाठी बोललीस, याचा विचार कर. त्यांचा आवाज भरून आला आणि तुला ते सहन होईना. वाक्य तुझ्या घाबरण्यावर होतं. पण त्यांनी ते आश्वासन म्हणून घेतलं, आणि ते रास्तच होतं, कारण तुझ्या गळ्यात त्या रुग्णालयाचं ओळखपत्र होतं. बीस्टेक ज्याला नियंत्रित भावनिक सहभाग म्हणतात तो इथे लागतो. आपण कोरडं व्हायचं असा त्याचा अर्थ विद्यार्थी काढतात. त्यांचं दुःख ऐकताना आपल्या आत काय हललं ते ओळखायचं आणि त्याला आपल्या तोंडून बोलू द्यायचं नाही, एवढंच ते आहे. आणि हे एका दिवसात जमत नाही. तुझे नऊ आठवडे म्हणजे अठरा दिवस झाले. इंग्लंडमध्ये समाजकार्याच्या विद्यार्थ्याला पात्र होण्याआधी प्रत्यक्ष कामाचे आणि कौशल्यांचे मिळून २०० दिवस भरावे लागतात. अमेरिकेत एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांना ठाऊक होतं की अठराव्या दिवशी माणूस तिथेच असतो जिथे तू आहेस.

रेकॉर्डिंग कसं लिहायचं ते थोडक्यात सांगते. त्याच दिवशी लिही, झोपायच्या आत. सकाळपर्यंत आपलं मन त्यांची वाक्यं आपल्या सोयीची करून टाकतं. भेट चालू असताना त्यांच्यासमोर भराभर लिहू नकोस. पानाचे उभे तीन भाग कर. पहिल्यात बोललेलं जसंच्या तसं, गप्प बसलेलंही. दुसऱ्यात तुला काय वाटलं. तिसऱ्यात आत्ता लिहिताना काय सुचतंय. समास मोकळा ठेव, तो सरांचा. 'समजावले', 'पटवून दिले', 'मार्गदर्शन केले', 'धीर दिला' यांतला शब्द आला की थांब आणि त्या जागी वाक्य लिही. आणि नाव काढायचं की नाही हे ठरवायच्या आधी ते जुनं रेकॉर्डिंग असं पुन्हा लिहून सरांकडे घेऊन जा. आयसी त्यासाठीच असते. तिथे नुसती मान डोलावून परत येऊ नकोस.

वॉर्ड_नऊ

जुनी_शाई ताई, तुमचं रेकॉर्डिंगवरचं प्रत्येक वाक्य मान्य. पण मी रोज वॉर्डात काम करणारा माणूस आहे आणि एक गोष्ट राहून जातेय म्हणून बोलतो.

त्या बाईंना पैसे हवे आहेत. तुझ्या भावना तू कितीही नीट ओळखल्यास तरी पुढच्या डायलिसिसचा खर्च त्याने भागत नाही. आमच्याकडे येणारे विद्यार्थी ऐकायला छान शिकलेले असतात, पण अर्ज कुठे मिळतो, कोणती योजना कोणत्या आजाराला लागू, सही कुणाची, मुदत किती, नाकारला तर दाद कुठे मागायची, यातलं काही सांगता येत नाही. मग ते घाबरून "काहीतरी मार्ग निघेल" म्हणतात. माहिती नसली की तोंडातून आश्वासनं निघतात, हे मी नेहमी बघतो.

तेव्हा तू एक वही कर. मदतीच्या प्रत्येक ठिकाणाला एक पान: कुणाला मिळते, कागद कोणते, किती दिवस लागतात, तिथे कोणत्या वेळेला माणूस भेटतो. तुझ्या विभागातल्या मॅडम घाईत होत्या हे मला पटतं. आमच्यावर केसेस फार असतात. त्यांना दुपारी, ओपीडी ओसरल्यावर भेट आणि सांग की मला हा फॉर्म ओळ न् ओळ समजून घ्यायचाय. कुणी नाही म्हणणार नाही. आणि त्या बाईंना सांगायचं वाक्य हे: "मी चौकशी करून अमुक दिवशी सांगते. मिळेलच असं मी म्हणत नाही. नाही मिळालं तरी येऊन सांगेन." त्या दिवशी जायचंच, हात रिकामे असले तरी.

जेन अ‍ॅडम्स यांच्याबद्दल वर्गात शिकवतात तेव्हा शिकागोच्या गरीब वस्तीत उघडलेलं हल हाउस हे सेवाकेंद्र, १८८९, नोबेल १९३१, एवढं सांगून पुढे जातात. मला त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे १८९५ मध्ये त्या आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या होत्या. वस्तीतल्या आजारांच्या मुळाशी न उचललेला कचरा आहे हे दिसल्यावर त्या गाड्यांच्या मागे फिरल्या. दुःख ऐकून घेणं आणि कचरागाडीमागे जाणं हे एकाच शिक्षणाचे दोन भाग आहेत. तुझ्या बाकावर एकटी तीच बाई बसत नाही. तोच फॉर्म किती जणांचा कशामुळे अडतो, हे तू नऊ आठवड्यांत पाहिलं असशील. त्याची नोंद ठेव. पुढे समाजकार्य संशोधनाच्या पेपरला नुसतं पाठांतर करावं लागणार नाही.

आणखी एक, फिल्डवर्कच्या दिवशी तुला नुसतं झेरॉक्स आणि नोंदवहीच्या कामाला बसवत असतील तर तेही सरांना सांग. विद्यार्थी शिकायला आलाय, हे एजन्सीला (तुझ्या बाबतीत रुग्णालयाला) आठवण करून द्यायचं काम कॉलेजचं आहे, तुझं एकटीचं नाही.

जुनी_शाई

वॉर्ड नऊ, बरोबर बोललात. माझ्या लिहिण्यात तो भाग कमी पडला. आजोबांची पाचर फुकट होती, डायलिसिस नाही. फक्त क्रम तिने ठरवू नये, बाईंना ठरवू द्यावा. कदाचित त्यांना आधी फॉर्म हवा असेल, कदाचित वेगळंच काही.

कोरी_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. तपशील लगेच काढले, ताई. काढताना अंगावर काटा आला की मी हे असं उघड्यावर लिहिलं होतं.

उशिरा उत्तर देतेय कारण मधे दोन फिल्डवर्कचे दिवस गेले. पहिल्या दिवशी मी आधी विभागातल्या मॅडमना दुपारी भेटले. त्यांनी खरंच पाऊण तास दिला. तो फॉर्म मी स्वतः एकदा कोऱ्या कागदावर भरून पाहिला, कुठे अडतं ते कळावं म्हणून. मग बाकावर गेले. मधे एक जागा सोडून बसले. पहिली दहाएक मिनिटं मी काहीच बोलले नाही, त्याही नाही. मग मी म्हणाले, "त्या दिवशी मी मार्ग निघेल म्हणाले होते. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. तसं म्हणायला नको होतं."

त्यांनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने फाइल मांडीवरून उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "जवळ बसा."

मी फॉर्मचं सांगितलं, जसं वॉर्ड नऊ सरांनी लिहिलं होतं तसंच, मिळेलच असं नाही हेही. मग विचारलं की या सगळ्यातलं आज तुम्हाला सगळ्यात जड काय जातंय. मला वाटलं पैसेच म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाणी."

डॉक्टरांनी नवऱ्याला पाणी मोजून द्यायला सांगितलंय. किती, ते एकदाच घाईत सांगितलं होतं, त्यांना नीट कळलं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. तेव्हापासून त्या अंदाजाने देतात. तो रात्री मागतो, त्या नाही म्हणतात, तो ओरडतो. एकदा त्याने भांडं भिरकावलं. जास्त दिलं तर सुजेल म्हणून भीती, कमी दिलं तर आपण नवऱ्याला पाण्यावाचून ठेवतोय म्हणून रात्रभर झोप नाही. इतके महिने हे चाललंय आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सगळे फक्त पैशांचं विचारायचे. मी तर तेही नीट विचारलं नव्हतं.

माझ्या तोंडावर आलं होतं की मी सिस्टरना विचारून येते. थांबले. विचारलं, "तुम्ही विचाराल का? मी बरोबर येते." त्या उठल्या. सिस्टरच्या टेबलापाशी त्यांनीच विचारलं. सिस्टरनी चौकशी करून आकडा कागदावर लिहून दिला, चहा आणि औषधांबरोबरचं पाणीही त्यातच धरायचं हे सांगितलं, आणि एक मोजमापाची खूण असलेली बाटली दाखवून म्हणाल्या की सकाळी दिवसाचं पाणी अशा बाटलीत भरून ठेवा, म्हणजे किती उरलं ते त्यांनाही डोळ्यांनी दिसेल. बाईंनी तो कागद घडी करून फाइलच्या अगदी वरच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. एक कागद कमी आहे म्हणून अजून दिलेला नाही.

जुनं रेकॉर्डिंग तीन भागांत पुन्हा लिहून सरांना दिलं. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, समासात दोन ठिकाणी खुणा केल्या आणि विचारलं, "इथे तू 'बघतेय' म्हणालीस. काय बघत होतीस?" मी म्हणाले, काहीच नाही, मला तिथून निघायचं होतं. ते म्हणाले, "हे लिही." मग आम्ही त्यावर तासभर बोललो. मला रडू आलं, पण बरं वाटलं.

नाव काढून घ्यायचं सध्या बाजूला ठेवलंय. पाण्याच्या दिवसाचं रेकॉर्डिंग आज लिहायला बसलेय. पहिल्या पानावर त्यांची वाक्यं माझ्यापेक्षा जास्त आहेत.

वॉर्ड_नऊ

कमी असलेला कागद कोणता? उत्पन्नाचा दाखला असेल तर त्याला वेळ लागतो, अर्जाची मुदत आधी बघून घे. आणि घरी पाणी कमी-जास्त झालं तरी त्या बाईंना अपराधी वाटू देऊ नकोस. डायलिसिसआधी वजन करतात ते कशासाठी, हे सिस्टरकडून दोघांना एकत्र बसवून समजून घ्यायला सांग.

कोरी_वही

उत्पन्नाचाच. मुदत अजून अकरा दिवस आहे. वजनाचं उद्या विचारते. म्हणजे, त्यांना विचारायचंय का ते विचारते.